गल्ला बंद, फोन खिशात: महिन्यातून एक संध्याकाळ दोघांची

आज मार्जिन नाही, जीएसटी नाही, कर्जाची फाईल नाही. नवरा-बायको मिळून धंदा चालवणाऱ्या किंवा चालवायचा विचार करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना एकच प्रश्न आहे. तुम्ही दोघं बाहेर शेवटचे कधी गेला होता? फक्त दोघं. लग्नकार्याला गेलेलं धरायचं नाही, दवाखान्यात गेलेलं नाही, बँकेत सह्या करायला गेलेलं नाही. आणि "पुण्याला माल आणायला गेलो होतो, येताना हायवेला जेवलो की" हे तर अजिबात धरायचं नाही. टेम्पो भरून झाल्यावर खाल्लेली मिसळ वाहतूक खर्चात जाते.

साताऱ्यात किंवा सांगलीत बॅच घेताना हा प्रश्न टाकला की आधी हॉलमध्ये हशा पिकतो. मग जरा शांतता होते. पुरुष पंख्याकडे बघतात, बायका नवऱ्याकडे बघतात. आणि मागच्या रांगेतून ठरलेलं उत्तर येतं, "सर, धंदा एकदा सेट झाला की जाऊ."

सेट झाला म्हणजे नक्की काय झालं, हे आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. पहिल्या मशिनचा हप्ता फिटला की दुसरं मशिन येतं. गाळा स्वतःचा झाला की मुलाची फी येते. गंमत बघा, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानं दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडं ठेवायला परवानगी दिली, पण कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्यायची हेही त्यात लिहिलंय. मालकाच्या सुट्टीबद्दल कायदा काही बोलत नाही. आणि मालकाच्या बायकोबद्दल तर विचारूच नका. बऱ्याच ठिकाणी ती ना कामगारांच्या यादीत असते, ना मालकांच्या.

बिलबुकाच्या मागच्या पानावर

एक काम करा. उद्या दिवसभर तुम्ही दोघं एकमेकांशी जेवढं बोलाल, तेवढं बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. सगळं नको, नुसते शब्द टिपले तरी चालेल. रात्री गल्ला मोजून झाला की ते पान वाचा.

साताऱ्याच्या एका जोडप्यानं हे केलं होतं. नावं सांगत नाही. पिठाची गिरणी आणि शेजारी मसाला कांडप, लग्नाला १९ वर्षं. पान असं होतं: "कुणाचं दळण?" "पाच किलो." "पैसे दिलेत का?" "जाडं की बारीक?" "पट्टा घसरतोय." "तू जेव, मी थांबतो." "मिरची उद्या घ्यायला सांग." "लाईट गेली." दुपारी दोन ते चार या वेळात एकही वाक्य नाही, कारण मशिन चालू असताना ऐकूच येत नाही.

भांडण नाही, वाद नाही. दोघंही कष्टाळू, दोघांत चांगलं जमतं. पण ते पान वाचलं तर ही दोन माणसं १९ वर्षांपूर्वी एकमेकांची झालीत की गेल्या आठवड्यात एका ठिकाणी कामाला लागलीत, हे ओळखता यायचं नाही.

त्यांना मी म्हटलं, महिन्यातून एक संध्याकाळ काढा. मार्चमध्ये मसाल्याचा सीझन तोंडावर आला होता, म्हणून दोघांनी आढेवेढे घेतले. तरी एका गुरुवारी साडेपाचला शटर ओढलं आणि अजिंक्यताऱ्याच्या बाजूला चार भिंतीवर जाऊन बसले. तिथून खाली सगळं सातारा दिसतं. त्यांची गिरणी कोणत्या बोळात आहे हे शोधण्यात पहिली दहा मिनिटं गेली. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. आणि मग वहिनींनी विचारलं, "अहो, माझ्या पाटल्या सुटणार कधी?"

कांडप मशिन घेताना त्यांच्या पाटल्या तारण ठेवल्या होत्या. तीन वर्षं झाली होती. दर वर्षी व्याज भरून पावती नवी करून आणायची, एवढंच चाललं होतं. तीन वर्षं दिवसाचे बारा तास दोघं एका गाळ्यात उभे, पण हा प्रश्न गाळ्यात कधी निघाला नाही. कारण गाळ्यात गिऱ्हाईक असतं, घरी सासूबाई आणि मुलं असतात, आणि रात्री अंगात त्राण नसतं. त्यांच्या नवऱ्याला वाटत होतं, तिला काही वाटत नाही. तिला वाटत होतं, ह्यांच्या लक्षातच नाही.

आता बघा, हा प्रश्न भावनेचाही आहे आणि शंभर टक्के धंद्याचाही आहे. तीन वर्षं नुसतं व्याज भरणं म्हणजे मुद्दल तिथंच आणि पैसा वाहून चाललाय. त्या सीझनला मसाल्याच्या कमाईतला ठराविक भाग वेगळा ठेवायचं ठरलं. मी कितीही ताळेबंद शिकवला असता तरी हे निघालं नसतं.

मंगळसूत्राची गोष्ट आपण कशी सांगतो

इथं जरा थांबतो, कारण विषय साताऱ्याचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ही गोष्ट आम्हा ट्रेनर मंडळींची लाडकी. स्टेजवरून सांगितली की टाळ्या हमखास.

पण टाळ्या वाजवणारा नवरा त्यातून काय घेऊन घरी जातो? बऱ्याचदा एवढंच, की बायकोनं दागिने द्यायचे असतात. लक्ष्मीबाईंना ती पोरं स्वतःची वाटत होती, त्या कामात त्या स्वतः बुडालेल्या होत्या, म्हणून ते दान होतं. तुमच्या घरात दिलेलं सोनं दान आहे, कर्ज आहे की भांडवल आहे, हे दोघांनी मिळून कधी ठरवलंय का? आपल्या भागातले निम्मे छोटे धंदे सोनेतारणावर उभे आहेत असं मी नेहमी म्हणतो. हा आकडा माझ्या डोळ्यांचा आहे, सरकारचा नाही. पण तुमच्या गल्लीत बघा, मी फार चुकत नसेन.

अशा गोष्टी बोलायला वेळ लागतो, एकांत लागतो, आणि समोर गिऱ्हाईक नसावं लागतं. दुकानाच्या बाहेरची संध्याकाळ एवढ्यासाठी. गुलाबाचं फूल आणि मेणबत्तीवालं जेवण तुम्हाला आवडत असेल तर जरूर करा, पण माझा मुद्दा तो नाही.

दर आठवड्याला? नाही, महिन्यातून एकदा

इंटरनेटवरचे सल्लागार सांगतात, आठवड्यातून एकदा गेलंच पाहिजे. घाबरू नका. ब्रिटनमधल्या मॅरेज फाउंडेशन या संस्थेनं २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मूल असलेल्या सुमारे दहा हजार जोडप्यांची दहा वर्षांची माहिती त्यांनी तपासली. महिन्यातून एकदा बाहेर जाणाऱ्या विवाहित जोडप्यांत वेगळं होण्याचं प्रमाण क्वचित जाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी निघालं. आणि दर आठवड्याला जाणाऱ्यांना? त्यांना असा काही जास्तीचा फायदा दिसला नाही.

आता ज्यांचं मुळात पटतं तेच बाहेर जात असतील, असंही म्हणता येईल. शिवाय ब्रिटनचा संसार वेगळा, तासगावचा वेगळा. तरी महिन्यातून एकदा हा आकडा मला आवडतो, कारण तो छोट्या उद्योजकाला झेपतो. जे झेपतं ते टिकतं. दर आठवड्याचं ठरवलंत तर तिसऱ्या आठवड्यात एखादी मोठी ऑर्डर येईल आणि सगळंच मोडेल.

दुसरा एक जुना अभ्यास अमेरिकेतला, १९९३ चा. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जोडप्यांना दहा आठवडे, दर आठवड्याला दीड तास, एकत्र काहीतरी करायला सांगितलं. काहींना छान, सुखाच्या ओळखीच्या गोष्टी दिल्या. काहींना थोड्या थरारक, वेगळ्या गोष्टी दिल्या. वेगळ्या गोष्टी करणाऱ्यांचं एकमेकांबद्दलचं समाधान जास्त वाढलं. म्हणजे दर महिन्याला त्याच हॉटेलात त्याच टेबलावर बसून तीच पावभाजी खाण्यापेक्षा जरा बदल करा. खर्च वाढवायचा नाही, फक्त जागा बदलायची.

जागेचं गणित

मोठ्या शहरातल्या जोडप्याला न येणारी एक अडचण आपल्याकडे येते. सातारा असो की सांगली, गाव सगळं ओळखीचं. राजवाड्याच्या चौपाटीवर तुम्ही पाणीपुरीची प्लेट हातात घेतली की दहा मिनिटांत दोन गिऱ्हाईकं आणि एक उधारीवाला भेटणार. "काय शेठ, आज दुकान बंद?" मग तो उभ्या उभ्या मापं सांगणार, दर विचारणार. उधारीवाला मात्र तुम्हाला बघून दुसऱ्या गाड्यावर सरकणार, आणि तुमचं सगळं लक्ष त्याच्याकडे. वहिनींची पाणीपुरी संपून गेलेली असते.

म्हणून चौपाटी शेवटी ठेवा, घरी जाताना. आधी तासभर ओळखीच्या टापूच्या बाहेर जा. साताऱ्यातनं संगम माहुली जवळ आहे; कृष्णा-वेण्णेचा संगम, जुनी देवळं, दगडी घाट. चार भिंतीवर जाणार असाल तर अंधार पडायच्या आत खाली या. फुलांच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, सगळं जग कासला लोटतं. तुम्ही तर इथलेच, शनिवार-रविवार सोडून जा आणि दुपारीच निघा. पठार नुसतं बघून यायला यवतेश्वरचा घाट चढून पाऊण-एक तास लागतो. पावसात मात्र त्या रस्त्यावर धुकं असतं, उशीर करू नका.

सांगलीकरांना हरिपूर आहे. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं, म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्याच्या विरोधात. लग्नात बाईचं मत विचारायचं असतं, हे या नदीकाठच्या माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. नाटकाचा विषय निघालाच आहे, तर सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर आहे, साताऱ्यात शाहू कलामंदिर आहे. भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीतच. तरी आपल्यातले किती जण लग्नानंतर एकत्र नाटकाला गेलेत, हात वर करा. मिरजेला दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँ साहेबांच्या स्मरणार्थ गाण्याची बैठक होते. गाण्यातलं कळत नसलं तरी जाऊन बसा.

आणि पावसाळ्यात नदीकाठचा हट्ट धरू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत ज्यांनी खांद्यावरून माल वरच्या मजल्यावर नेला त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण एक बघितलंय, पुराच्या त्या आठवड्यात कितीतरी जोडपी बऱ्याच वर्षांनी एकमेकांशी सविस्तर बोलली. दुकान पाण्याखाली होतं, दुसरं करणार काय!

पैसे, वार आणि घरची मंडळी

वार ठरवताना अंदाज नको, विक्रीचं रजिस्टर काढा. गेल्या तीन महिन्यांत कोणत्या वारी संध्याकाळचा गल्ला सगळ्यात कमी, ते बघा. तोच तुमचा वार. आठवडी बाजाराच्या गावात बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक सामसूम असते. वर्कशॉपवाल्यांनी वीज बंद असण्याचा दिवस धरावा. एका संध्याकाळी तीन तास लवकर शटर ओढलं तर नक्की किती विक्री बुडते, हेही लिहून काढा. बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा तो आकडा फार लहान निघतो, कारण रोजचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येतंच. दारावर आदल्या दिवशीच पाटी लावा. कारण लिहायची गरज नाही.

पैशाचं सोपं आहे. पिग्मीवाल्याला रोज देता ना, तसे रोज २० रुपये एका डब्यात टाका. २५ दिवसांत ५०० होतात. दोघांचं पेट्रोल, खाणं, एखादं तिकीट एवढ्यात बसवायचं. डबा बायकोच्या ताब्यात, आणि त्यातनं दुकानासाठी उसने घ्यायचे नाहीत, सुट्टे संपले तरी नाही. अजून एक, हे बिल "बिझनेस मीटिंग" म्हणून धंद्याच्या खर्चात घुसवू नका. हा खासगी खर्च आहे. प्रोप्रायटरी धंद्यात तो उचल खात्यात जातो, नफ्यातून वजा होत नाही. वही साफ ठेवायची सवय इथूनच लागते.

सासूबाई, सासरे घरात असतील तर त्यांना आदल्या दिवशी सांगा, चप्पल घालताना नको. "आम्ही दोघं जरा बाहेर जाऊन येतो, आठपर्यंत परत" एवढंच, पण ते मुलानं सांगायचं. सुनेच्या तोंडून तेच वाक्य गेलं तर त्याला परवानगी मागितल्याचा वास येतो. मुलांना कुणाकडे ठेवायचं ते आधी ठरवा. येताना घरच्यांसाठी काहीतरी बांधून आणा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आजीच विचारायला लागतात, "अरे, या महिन्यात गेला नाहीत का?"

तुमच्यापैकी कुणाचा जोडीदार नोकरी करतो आणि धंदा एकट्याचा आहे, त्यांना तर याची जास्त गरज आहे. दुकानात काय चाललंय हे त्याला किंवा तिला फक्त तुमच्या चेहऱ्यावरून कळत असतं, आणि चेहरा रात्री साडेनऊचा असतो.

तिथं बोलायचं काय?

"धंद्याचा विषय काढायचा नाही" असा नियम बरेच जण सांगतात. मला तो पटत नाही. ज्यांचं सगळं आयुष्य धंद्यात आहे त्यांच्या तोंडाला अशी पट्टी लावली तर ती दोघं मुकी बसतील. मी एवढंच सांगतो: आजची ऑर्डर, आजची उधारी, उद्याचा माल हे तीन विषय बंद. फोन सायलेंट करून खिशात, व्हॉट्सॲपच्या ऑर्डरी रात्री बघा. हिशोबासाठी महिन्यातून वेगळी बैठक घ्या, दिवसाउजेडी, वही समोर ठेवून. ती या संध्याकाळीला जोडलीत तर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

पहिल्या वेळी अवघडायला होईल. सांगलीत भडंग करणारं एक जोडपं पहिल्यांदा हरिपूरला गेलं आणि अर्ध्या तासात भांडून परत आलं. ती चुरमुरे भाजते, फोडणी-मसाला तिचाच. तो गाडीवर पोती बांधून मिरज, जयसिंगपूरपर्यंत दुकानांना टाकतो. संगमावर बसल्या बसल्या त्यानं एका दुकानदाराकडून पेमेंट अडकल्याचं काढलं, तिनं "इथंही तेच का?" म्हटलं, आणि झालं. मी त्यांना सांगितलं, समोरासमोर बसू नका, चाला. चालताना दोघांची नजर रस्त्यावर असते, बोलायला सोपं जातं आणि गप्प राहायलाही सोपं जातं.

दुसऱ्या महिन्यात ते आमराईत चालले. तिच्या माहेरच्या गोष्टी निघाल्या, त्याच्या कॉलेजातल्या निघाल्या. तिसऱ्या महिन्यात ती चालता चालता म्हणाली, "गिऱ्हाईक चव माझी घेतं, आणि पाकिटावर नाव तुमचं." तो म्हणाला, "अगं, नाव काय, घरचंच आहे." ती म्हणाली, "घरचं आहे तर माझं घाला."

त्याला पटायला रस्त्याची एक फेरी आणखी लागली. अन्न परवाना, उद्यम नोंदणी, बँकेतलं चालू खातं, सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर होतं. आता दोघांची भागीदारी फर्म करायचं चाललंय, कागदपत्रं वकिलांकडे दिलीत. जुनी पाकिटं दोन-तीन हजार शिल्लक आहेत, ती संपेपर्यंत वापरणार. नव्या पाकिटाच्या डिझाईनचा फोटो परवा मला व्हॉट्सॲपवर आला. नाव तिचं, त्याखाली बारीक अक्षरात त्याचा मोबाईल नंबर, "ऑर्डरसाठी संपर्क".